सहली, उपक्रम आणि यंदाचं यश: पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली आपली शाळा मुलांची, सहावी ते दहावीपर्यंतची. मुलं कुठे गेली, काय करून आली, कशात पुढे आली, हे प्रश्न पालकसभेत येतात, शाळा सुटताना फाटकापाशी येतात आणि रात्री फोनवरही येतात. त्यातले बरेचसे मराठी घरांतून येतात, म्हणून ही उत्तरं मराठीत लिहिली आहेत. मी गणित शिकवतो आणि सहलींची व्यवस्था माझ्याकडे आहे.

यंदा मुलं कुठे कुठे गेली?

सहावी-सातवी किल्ल्यावर. आठवी मुरैना जिल्ह्यात मितावली, पडावली आणि बटेश्वरला. नववी चंबळकाठी, देवरीच्या सुसर केंद्रावर. दहावीची शिवपुरीची सहल दिवाळीआधीच उरकली. गाण्याच्या आणि तबल्याच्या वर्गातली मुलं तानसेन संगीत समारोहाच्या पहिल्या सकाळी हजीऱ्याला, तानसेनाच्या समाधीपाशी होती.

किल्ला तर आमच्या गच्चीवरून दिसतो. तिथे सहल कशाला?

बहुतेक घरांची किल्ल्याची फेरी ठरलेली असते. उरवाई दरवाज्यानं गाडी वर घ्यायची, मानमंदिर, सासबहू आणि तेली मंदिर बघायचं, गुरुद्वाऱ्यात माथा टेकायचा आणि खाली यायचं. या वाटेनं गेलं की चतुर्भुज देऊळ चुकतं, कारण ते पूर्वेकडच्या, पायी चढायच्या वाटेवर आहे. एकाच खडकात कोरलेलं विष्णूचं लहानसं देऊळ. आत भिंतीवर विक्रम संवत 933 चा, म्हणजे इ.स. 876 चा संस्कृत शिलालेख आहे. देवाच्या फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीचं माप त्यात आकड्यांत कोरलंय: 270 हात लांब, 187 हात रुंद. त्या बागेतून देवाला रोज 50 माळा जायच्या. या 270 मधलं आणि 50 मधलं शून्य आपण आज काढतो तसंच गोल आहे, फक्त आकारानं जरा लहान.

शून्य जगात सर्वांत आधी इथेच लिहिलं गेलं, असं आम्ही मुलांना सांगत नाही. कंबोडियातल्या इ.स. 683 च्या एका शिलालेखात शून्यासाठी ठिपका आहे, आणि भूर्जपत्रांवरच्या, शून्य वापरणाऱ्या बख्शाली या जुन्या गणिती हस्तलिखिताच्या काळाबद्दल विद्वानांत वाद चालू आहे. पण दगडावर, सालासकट, व्यवहाराच्या हिशेबात सहज येऊन बसलेलं इतकं जुनं शून्य आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, ही गोष्ट ग्वाल्हेरच्या प्रत्येक मुलाला माहीत असलीच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

तिथे सातवीला एकच काम दिलं होतं. प्रत्येकानं कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत आपला हात मोजायचा आणि त्या हातानं बागेचं क्षेत्रफळ काढायचं. एका मुलाचा हात भरला 40 सेंटिमीटर, माझा 45. त्याच्या हातानं बाग साधारण 8,078 चौरस मीटर होते, माझ्या हातानं 10,224. हातात फरक पाच सेंटिमीटरचा आणि जमिनीत दोन हजार चौरस मीटरहून जास्त! लांबी आणि रुंदी दोन्हींत चूक शिरली की गुणाकारात ती किती वाढते, हे मी फळ्यावर दर वर्षी सांगतो. यंदा ते मुलांनी मला सांगितलं. मग एकानं विचारलं, दान देताना हात कुणाचा धरला असेल, राजाचा की माळ्याचा? परतीच्या उतारावर सगळा वर्ग यावरच भांडत होता. ज्यांना हात लहान म्हणून वाईट वाटलं होतं, तेच माळ्याच्या बाजूनं सर्वांत जोरात बोलत होते.

दुसऱ्या शाळांची मुलं मनालीला, गोव्याला जातात. आपली का नाही?

आमच्या सहलीची एकच अट आहे: प्रत्येक मुलाच्या हातात काम हवं, आणि ते काम संपेपर्यंत तिथे थांबायला वेळ हवा. चार दिवसांच्या लांबच्या सहलीत निम्मा वेळ गाडीत जातो, उरलेला ठिकाणं उरकण्यात. शिवाय तिचा खर्च ऐकून काही मुलं घरी विचारतच नाहीत. वर्गातली तीस मुलं जाऊन आली आणि दहा मागे राहिली, तर परतल्यावर पुढचा महिनाभर त्या दहांना बाकीच्यांच्या गप्पा ऐकत बसावं लागतं. हे मी पाहिलेलं आहे आणि आपल्या शाळेत ते नको, हे शिक्षकांचं एकमतानं ठरलेलं आहे.

आणि जवळ म्हणजे कमी, असं तर मुळीच नाही. या शहराभोवती चाळीस-पन्नास किलोमीटरमध्ये जे आहे, ते बघायला लोक परदेशातून येतात.

सहलीचे पैसे देणं जमलं नाही तर?

वर्गशिक्षकांना एक चिठ्ठी द्या किंवा फोन करा. मुलगा जाईल. यादीत कुणी किती दिले, याचा रकाना नसतो आणि मुलांना ते कळत नाही.

बटेश्वरला नुसते दगड आहेत म्हणतात. आठवीला तिथे काय मिळालं?

दगडच आहेत, आणि त्यातच सगळं आहे. बटेश्वरला सुमारे दोनशे लहान-मोठी देवळं होती, आठव्या ते दहाव्या शतकातली, प्रतिहारांच्या काळची. ती कोसळून त्यांचा ढीग झाला होता. 2005 पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं के. के. मुहम्मद यांच्या देखरेखीखाली एकेक दगड ओळखून, जुळवून देवळं पुन्हा उभी करायला सुरुवात केली. तेव्हा त्या बीहडांत, म्हणजे चंबळच्या घळींत, निर्भय गुज्जर या डाकूच्या टोळीचा वावर होता. देवळांचं काम आहे हे पटल्यावर टोळीनं ते होऊ दिलं, ही हकीकत मुहम्मद यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. पुढे डाकू गेले, तर जवळच्या दगडखाणींतल्या सुरुंगांनी उभ्या केलेल्या देवळांना हादरे बसू लागले. मुलांना ही गोष्ट फार लागली. डाकूंपासून वाचलेलं देऊळ खाणीमुळे पडेल का, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो त्यांनी वहीत तसाच लिहिला आहे.

काम असं होतं: उभ्या केलेल्या एका देवळाचं चित्र काढायचं. मग खाली पडलेल्या दगडांतला एक निवडायचा आणि त्या चित्रात त्याची जागा कुठे असेल ते खूण करून दाखवायचं. हात लावायचा नाही, उचलायचा नाही, फक्त बघून. दाराची चौकट, आमलकाचा (शिखरावरच्या गोल, पाकळ्यांच्या दगडाचा) तुकडा, खांबाची बैठक ओळखता ओळखता दोन तास गेले. एरवी वर्गात पाच मिनिटं स्थिर न बसणारी मुलं त्या दगडांपुढे उकिडवी बसून होती.

मितावलीचं चौसष्ट योगिनी मंदिर टेकडीवर आहे आणि पूर्ण गोल आहे. त्याचा व्यास थेट मोजता येत नाही, कारण बरोबर मध्ये देऊळ उभं आहे. मग मुलांनी आतल्या ओवऱ्यांच्या कडेनं दोरी फिरवून परीघ मोजला आणि π नं (पाय या संख्येनं) भागून व्यास काढला. तीन गटांची उत्तरं वेगळी आली. दोरी ज्यानं ताणून धरली नव्हती त्या गटाचं सर्वांत मोठं आलं. दिल्लीच्या जुन्या संसद भवनाचा आराखडा इथूनच घेतला, असं तिथे प्रत्येक जण सांगतो. दिसायला साम्य आहे, पण त्याचा लेखी पुरावा सापडलेला नाही, हेही मुलांना सांगितलं. अर्ध्या वर्गाला ते अजिबात आवडलं नाही.

परतताना मुरैन्याला गजक घ्यायला गाडी थांबली. ती थांबणारच, हे घरी सगळ्यांना ठाऊक होतं, असं डब्यांबरोबर आलेल्या रिकाम्या पिशव्यांवरून दिसलं.

चंबळला मगरी आहेत. मुलांना तिथे नेणं सुरक्षित आहे का?

नियम पाळले तर आहे, आणि नियम कडक आहेत. मुलं पाण्यापाशी उतरत नाहीत, बोटीत बसत नाहीत. वनखात्याचा माणूस सोबत असतो, दुर्बिणी शाळेच्या आहेत आणि किनाऱ्यापासून किती दूर उभं राहायचं ते तोच ठरवतो. सुसर माणसावर जात नाही, तिचा लांब निमुळता जबडा मासे धरायला बनलेला आहे. पण त्याच पाण्यात मगरही असते आणि लांबून दोघी पटकन वेगळ्या ओळखू येत नाहीत.

नववीच्या जीवशास्त्राच्या दृष्टीनं देवरीचं केंद्र म्हणजे मोठा ठेवा आहे. सुसर नदीकाठच्या वाळूत मार्च-एप्रिलच्या सुमाराला अंडी घालते. त्यातली काही केंद्रात आणतात, पिल्लं मे-जूनमध्ये बाहेर येतात. ती साधारण 1.2 मीटर लांब होईपर्यंत टाक्यांत वाढवून मग नदीत सोडतात. नदीत जन्मलेली बहुतेक पिल्लं पहिल्याच पावसाळ्याच्या पुरात वाहून जातात, म्हणून हा खटाटोप. पिल्लू नर होणार की मादी, हे अंडी उबताना वाळू किती तापते त्यावर ठरतं. हे ऐकल्यावर मुलांचे डोळे मोठे झाले. उन्हाळे आणखी तापत गेले तर काय होईल, हा प्रश्न कुणी सुचवावा लागला नाही.

त्यानंतर वाळूचा विषय निघाला. अंडी वाळूत आणि वाळू घरं बांधायला हवी. चंबळ अभयारण्यात वाळू उपसायला बंदी आहे, तरी ट्रॅक्टर भरून जातात आणि अडवणाऱ्या वनरक्षकांवर हल्ले झालेले आहेत. ज्यांच्या घरी बांधकामाचा धंदा आहे अशी मुलंही वर्गात आहेत. त्यातल्या एकानं घरी जाऊन वडिलांना विचारलं की आपली वाळू कुठून येते. त्याच्या वडिलांनी मला फोन केला. रागावले असतील असं वाटलं होतं. त्यांना केंद्र बघायला कधी जाता येतं ते विचारायचं होतं. त्यांचा हा फोन मी यंदाच्या यशाच्या यादीत धरतो.

कूनोला चित्ते बघायला कधी नेणार?

इतक्यात नाही. अंतर जास्त आहे, एका दिवसात मुलांची दमछाक होईल, आणि चित्ता दिसेलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही. 17 सप्टेंबर 2022 ला नामिबियाहून आणलेले आठ चित्ते तिथे सोडले तेव्हापासून हा प्रश्न सहावीतला प्रत्येक मुलगा विचारतो. त्यांच्यासाठी ग्रंथालयात एक कोपरा केला आहे.

दहावीला शिवपुरीलाच का?

शिवपुरीला 18 एप्रिल 1859 ला तात्या टोपे यांना फाशी दिलं. मूळचे येवल्याचे, आणि शेवट इथे, ग्वाल्हेरपासून शंभरेक किलोमीटरवर. फूलबागेतली राणी लक्ष्मीबाईंची समाधी मुलांनी लहानपणापासून पाहिलेली असते. राणी 1858 च्या जूनमध्ये धारातीर्थी पडली आणि तात्या पुढे महिनोन्‌महिने लढत, निसटत राहिले. शाळेच्या पुस्तकांत ही सगळी हकीकत दोन-चार ओळींत संपते. मुलांनी नकाशावर त्यांची वाट आखली आणि मग त्या जागी गेली. शिंद्यांच्या छत्र्याही पाहिल्या, संगमरवरातलं रंगीत दगडांचं जडावकाम खरोखर बघण्यासारखं आहे. पण त्या दिवशी मुलं जास्त बोलली ती तात्यांबद्दल.

गाण्याच्या वर्गातल्या मुलांना तानसेन समारोहाला भल्या पहाटे का बोलावलं?

कारण समारोहाची सुरुवात सकाळीच होते. तानसेनाच्या समाधीपाशी आधी शहनाई, मग ढोलीबुवा महाराजांची हरिकथा, मग मिलाद, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचं पठण, आणि चादर. हरिकथा आणि मिलाद एकाच मांडवात, एकामागून एक. 1924 पासून चालत आलेल्या या समारोहातली ही सकाळ मला रात्रीच्या मोठ्या मैफलींपेक्षा मोलाची वाटते आणि ती मुलांना लहान वयातच मिळावी असा आग्रह आहे. डिसेंबरची थंडी असते, कानटोपी पाठवा.

ग्वाल्हेरला 2023 मध्ये युनेस्कोनं संगीताचं सर्जनशील शहर म्हणून मान दिला. आपल्या मराठी घरांचा त्यात वाटा आहे. कृष्णराव शंकर पंडितांनी 1914 मध्ये इथे गायनाची शाळा काढली. 1918 मध्ये माधवराव शिंद्यांच्या आश्रयानं आणि भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत महाविद्यालय सुरू झालं. घरात आजीला किंवा आजोबांना त्या काळातलं काही आठवत असेल तर मुलाला नक्की सांगा, त्याचा आम्हाला वर्गात उपयोग होतो.

डिसेंबर 2023 मध्ये किल्ल्यावर बाराशेहून जास्त तबलावादकांनी एकत्र वाजवून विश्वविक्रम केला. तेव्हापासून तबल्याच्या वर्गात जागा मिळत नाही. यंदा दोन तुकड्या केल्या आहेत. पहिले सहा महिने हातावर ताल धरणं आणि बोल म्हणणं एवढंच असतं. मुलगा घरी जेवताना ताटाच्या कडेवर वाजवत असेल तर कृपया ओरडू नका.

मल्लखांबावरून पडला तर? माझा मुलगा तर नाजूक आहे.

ही काळजी आयांकडून येते आणि ती रास्त आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिले तीन महिने मुलगा मल्लखांबाला शिवतही नाही. सूर्यनमस्कार, दंड, बैठका, कोलांट्या, पडताना अंग कसं गोळा करायचं याचा सराव. मग सलामी, मग जमिनीपासून हातभर उंचीवर साधी अढी आणि तेढी. बगली, दसरंग, फिरकी हे त्यानंतर. बोंडावर, म्हणजे खांबाच्या टोकावर जाऊन आसन करणारी मुलं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली असतात. खाली जाड गाद्या असतात, खांबाला एरंडेल तेल ठरलेल्या मापानं लावतात, आणि वस्ताद नसताना आखाड्याचं दार बंद असतं. घाम, ओलं अंग, हातात दोरा किंवा कडं असेल तर त्या दिवशी नुसतं बघायचं. कड्यावरून दर वर्षी घरी वाद होतात. पण कडं खांबाला अडकलं तर मनगट मोडतं, यात सूट नाही.

नाजूक मुलांबद्दल माझा अनुभव आपल्या भीतीच्या उलट आहे. अंगानं हलकी मुलं खांबावर लवकर चढतात. यंदा संभागाच्या (जिल्ह्यांच्या विभागाच्या) संघात निवडलेला एक मुलगा सहावीत आला तेव्हा कवायतीच्या तासाला दप्तर सांभाळत बसायचा. पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या पुन्हा उभी केली, मराठी माणसांबरोबर ती माळव्यात आणि ग्वाल्हेरात आली, आणि 2013 मध्ये मध्य प्रदेशानं मल्लखांब हा राज्याचा खेळ म्हणून जाहीर केला. आपल्या पणजोबांनी लष्करातल्या आखाड्यांत जे केलं ते नातवंडांनी करावं, एवढीच आमची इच्छा आहे.

क्रिकेटला एवढं कमी महत्त्व का?

क्रिकेट आहे, संघही आहे. पण मैदान एक आणि मुलं पुष्कळ. हॉकीत बावीस मुलं सतत धावतात, क्रिकेटात निम्मी वाट बघतात, म्हणून सातवी-आठवीला हॉकी जास्त. सचिननं 24 फेब्रुवारी 2010 ला ज्या मैदानावर नाबाद 200 केल्या, ते कॅप्टन रूपसिंह यांच्या नावाचं आहे आणि रूपसिंह हॉकीचे. ध्यानचंदांचे धाकटे भाऊ, ग्वाल्हेरच्या सैन्यात नोकरीला. 1932 च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेविरुद्ध भारतानं 24 गोल केले, त्यातले 10 एकट्या रूपसिंहांचे. आपल्या शहरातल्या मुलांना हे आधी माहीत व्हावं.

यंदा मुलांनी कशात यश मिळवलं?

मल्लखांबाच्या संघाचा संभागात दुसरा क्रमांक आला, एक मुलगा राज्यस्तरावर खेळून आला. हॉकीचा चौदा वर्षांखालचा संघ संभागात उपांत्य फेरीत हरला, आणि हरल्यावर समोरच्या संघाच्या गोलरक्षकाला जाऊन भेटला.

विद्यार्थ्यांच्या नव्या कल्पनांसाठी केंद्र सरकारची इन्स्पायर मानक योजना आहे, तिच्यासाठी शाळेनं कल्पना पाठवल्या होत्या, त्यातली एक निवडली गेली. नमुना बनवायला त्या मुलाला 10,000 रुपये मिळाले. कल्पना त्याच्या स्वतःच्या घरातली आहे. उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी येतं, कधी पहाटे येतं, आणि आई त्यासाठी जागी राहते. त्यानं नळाखाली तरंगता गोळा आणि घंटी जोडली, पाणी आलं की वाजते. परीक्षकांना काय आवडलं ते मला ठाऊक नाही. मला हे आवडलं की त्यानं घंटीचा आवाज मुद्दाम हळू ठेवलाय, आजारी आजी झोपलेली असते म्हणून.

आठवीतल्या काही मुलांना राष्ट्रीय साधन-सह-प्रावीण्य शिष्यवृत्ती मिळाली. नववी ते बारावी दर वर्षी 12,000 रुपये मिळतात. आपली शाळा अनुदानित असल्यामुळे आपली मुलं या परीक्षेला बसू शकतात. घरचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल तर अर्ज जरूर भरा. दर वर्षी पात्र असूनही फॉर्म न भरणारी घरं असतात, आणि याचं मला फार वाईट वाटतं. उत्पन्नाचा दाखला वेळेत निघत नाही, हेच मुख्य कारण. जुलैतच कामाला लागा.

माझ्या मुलाचं नाव इथे का नाही?

कोणाचंच नाही. मुलांची नावं आणि चेहरे इंटरनेटवर न टाकण्याचा शाळेचा नियम आहे. नावं शाळेच्या फलकावर आहेत, आणि शनिवारच्या प्रार्थनेत ती मोठ्यानं वाचली जातात. त्या दिवशी आजी-आजोबांना घेऊन या.

या सगळ्यात अभ्यास मागे पडत नाही का?

दहावीचे सगळे उपक्रम दिवाळीपर्यंत संपतात. त्यानंतर खेळ फक्त संध्याकाळचा अर्धा तास, तोही ज्यांना हवा त्यांना. मंडळाच्या परीक्षेच्या वर्षी पालकांना धाकधूक असते, ती आम्हाला समजते. बाकीच्या वर्गांसाठी सहलीत केलेलं काम हे अंतर्गत मूल्यमापनाचाच भाग आहे. चतुर्भुज देवळातला हिशेब सातवीच्या चाचणीत आला होता, आणि गणितात नेहमी मागे राहणाऱ्या मुलांनी तो प्रश्न सर्वांत आधी सोडवला.

शाळा हिंदी माध्यमाची. मराठीसाठी काय होतं?

तासिका नाही, पण काम होतं. सर्वांत चांगलं यंदा झालं ते छोट्या रेल्वेचं. ग्वाल्हेर ते श्योपूर सुमारे दोनशे किलोमीटरची, रुळांत फक्त 610 मिलिमीटर अंतर असलेली गाडी 2020 मध्ये बंद झाली. आता तिथे रुंद रूळ होताहेत. आत्ताच्या सहावीच्या मुलांना ती आठवतही नाही. म्हणून त्यांनी घरातल्या, शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून आणलं: गाडी किती हळू चालायची, टपावर कोण बसायचं, चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढायची पैज कुणी लावली होती. जो ज्या भाषेत ऐकेल त्या भाषेत लिहील, एवढाच नियम होता. मराठी आली, हिंदी आली, बुंदेलीही आली. व्हरांड्यात खडूनं 610 मिलिमीटरच्या दोन रेघा ओढल्या आणि मुलं त्यावरून चालून बघत होती. 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, या लेखनाचं भित्तिपत्रक लावलं.

यातला एक मोठा लाभ घरांत झाला. काही आजोबांनी कळवलं की नातू पहिल्यांदाच अर्धा तास समोर बसला आणि मराठीत बोलला. भाषेसाठी शाळा जे करू शकते त्यात याहून मोठं काही मला सुचत नाही. पुढच्या वर्षी विषय आहे लष्करातला गणेशोत्सव. जुने फोटो, वर्गणीच्या पावत्या, मेळ्याच्या पदांच्या वह्या असतील तर जपून ठेवा. मूळ कागद शाळेत देऊ नका, इथे आणून फोटो काढून परत न्या.

मुलगा बुजरा आहे, किंवा जास्त चालू शकत नाही. त्याला घरी ठेवू का?

नको. वेळ बघणारा, पाण्याचा हिशेब ठेवणारा, नकाशा धरणारा, दोरीचं टोक पकडणारा, नोंदी लिहिणारा, अशी कामं वाटलेली असतात आणि ती खरी कामं आहेत. मितावलीच्या पायऱ्या ज्यांना जमत नाहीत त्यांचा गट खाली पायथ्याशी थांबून टेकडीची उंची सावलीच्या मापानं काढतो. यंदा त्या गटाचं उत्तर वर गेलेल्यांनाही हवं होतं. फक्त आजार, दमा, फिट येणं, कशाची ॲलर्जी, हे संमतिपत्रात स्पष्ट लिहा. लपवलेलं आजारपण हीच सहलीतली एकमेव गोष्ट आहे जिची मला खरी भीती वाटते.

मोबाईल द्यावा का?

नाही. दोन शिक्षकांचे नंबर संमतिपत्रावर असतात. निघाल्याचा आणि परतल्याचा निरोप वर्गाच्या गटावर येतो.

डब्यात काय द्यावं?

पोळी-भाजी, पराठा, दशमी, काहीही कोरडं. दही-ताक नको. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला एक डबा पुरत नाही, आणि एखादा डबा विसरलेलाही असतो, म्हणून दोन पोळ्या जास्तीच्या.

पुढची सहल कधी?

आठवीची, तिघरा धरणावर. डिसेंबरअखेर ते मध्य जानेवारी इथे धुकं इतकं असतं की सकाळी बस काढणं योग्य नाही, म्हणून जानेवारीच्या शेवटी. आपल्या नळाला येणारं पाणी बरंचसं तिथूनच येतं. सांक नदीवरचं हे धरण 1917 मध्ये फुटलं होतं आणि पुन्हा बांधलं गेलं. का फुटलं असेल, याचा अंदाज मुलांनी आधी घरी लिहून आणायचा आहे. घंटीवाला मुलगा आता नववीत आहे, पण त्यालाही नेणार आहोत. संमतिपत्रं सोमवारी वाटली जातील, शुक्रवारपर्यंत वर्गशिक्षकांकडे परत हवीत. सोबत टोपी, पाण्याची मोठी बाटली, मोजपट्टी आणि दोन पेन्सिली द्या.